तुलनेसाठी घेतलेला तुकडा

"दिसला का?" वृषाली तोडकरने विचारलं.

काळ्या पार्श्वभूमीवर निळे गोळे होते, एकाला एक चिकटलेले, आणि प्रत्येक गोळ्यात दोन बारीक तांबडे ठिपके. मी डोळे सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांना लावून बघत राहिलो. तिने मागून हात घालून एक चकती फिरवली. चित्र सरकलं आणि एका गोळ्यात तांबड्या ठिपक्याशेजारी हिरवा ठिपका आला. मग त्याच्या शेजारच्या गोळ्यातही.

"दिसला," मी म्हणालो. "अभिनंदन."

"अभिनंदन नका करू, सबनीस सर. हा इथे असायला नको होता."

तिने दिवा लावला. खोली लहान होती, खिडकीला काळा कागद लावलेला. ही २००३ सालची गोष्ट. गणपती नुकतेच होऊन गेले होते. मी पुण्याच्या एका दैनिकात आरोग्य आणि विज्ञान सांभाळत होतो आणि त्या रविवारच्या अंकात पहिल्या पानावर वृषालीच्या संशोधनाची बातमी जायची होती. बातमी लिहून तयार होती. मी फक्त एक फोटो न्यायला आलो होतो.

यकृत कापलं तरी पुन्हा वाढतं, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ते वाढवतं कोण, यावर जाणकारांची भांडणं होती. जखम साधी असेल तर यकृतातल्या नेहमीच्या पेशीच दुभंगून भर घालतात, यावर फारसा वाद नव्हता. पण दारूने किंवा जुन्या काविळीने त्या पेशी थकल्या, की पित्ताच्या बारीक नळ्यांच्या कडेने काही राखीव पेशी पुढे येतात. त्यांना मूळ पेशी म्हणायचं. त्या तिथेच जन्मापासून दबून बसलेल्या असतात की बाहेरून येतात, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. मी एकदा वृषालीला म्हणालो होतो, मला एक मूळ पेशी दाखव. ती म्हणाली, दाखवता येत नाही. काम पडलं की दिसते, आणि दिसते तोवर ती अर्धी दुसरंच काहीतरी झालेली असते. ते वाक्य मी बातमीत घातलं. उपसंपादकाने काढून टाकलं, वाचक गोंधळतील म्हणून.

वृषालीचं म्हणणं होतं की या राखीव पेशी हाडांच्या पोकळीतून, मॅरोमधून येतात. त्यासाठी तिने ज्यांचे नमुने तपासले, त्या सगळ्या तरुण मुली होत्या. रक्ताच्या कॅन्सरसाठी प्रत्येकीला भावाचा मॅरो दिलेला होता आणि नंतर कधीतरी काविळीमुळे यकृताचा तुकडा काढून तपासावा लागला होता. मुलीच्या पेशीत दोन एक्स असतात. भावाच्या पेशीत एक एक्स, एक वाय. एक्स तांबडा दिसेल आणि वाय हिरवा दिसेल असे रंग तिने वापरले. मुलीच्या यकृतात हिरवा ठिपका सापडला, तर ती पेशी भावाच्या मॅरोमधून आलेली. असे ठिपके तिला सापडले होते. तीच बातमी होती.

पण तुलना लागते. ज्या बाईच्या अंगात पुरुषाची पेशी शिरण्याचा काहीच संबंध नाही, तिच्या यकृतात हिरवं काही दिसता कामा नये. परदेशातल्या काही अहवालांत म्हटलं होतं की मुलगा झाल्यावर त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात वर्षानुवर्षं राहतात. म्हणून वृषालीने ठरवलं, तुलनेसाठी फक्त अविवाहित बायका घ्यायच्या. तिच्या रुग्ण मुलीही अविवाहितच होत्या. असे आठ नमुने तिने मोठ्या मुश्किलीने जमवले.

"आणि हा आठांपैकी एक," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "हा तुमच्या आत्यांचा आहे."

पमाआत्या, म्हणजे कुमारी प्रमिला सबनीस. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वृषालीला नमुने मिळत नव्हते तेव्हा मीच म्हणालो होतो, माझ्या आत्याच्या पित्ताशयात खडे आहेत, आता ऑपरेशन होईलच. सर्जन ओळखीचा होता. आत्याने विचारलं, किती मोठा तुकडा? वृषाली म्हणाली, तुरीच्या डाळीएवढा. त्यावर आत्या म्हणाली, "घ्या की. तेवढाच उपयोग." दवाखान्यातल्या माणसाने अर्ज भरताना नावामागे कुमारी लिहिलं आणि पुढच्या बाळंतपणाच्या प्रश्नांवर आडवी रेघ मारली. ते मी पाहिलं होतं. त्यात बघण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

आत्या माझी बातमीदारी फार गांभीर्याने घ्यायची. आमचा अंक साताऱ्याला पोचला की तांबड्या पेन्सिलीने माझ्या बातम्या तपासून महिन्यातून एकदा गठ्ठा पाठवायची. 'सूत्रांनी सांगितले' दिसलं की समासात तिचा प्रश्न असायचा: कोणी? तिचं आणि बाबांचं मात्र फारसं बोलणं नव्हतं. दर भाऊबीजेला ती पुण्याला यायची, बाबांना ओवाळायची आणि न जेवता परत जायची. उपास आहे म्हणायची. भाऊबीजेला कसला उपास, असं माझी आई दर वर्षी तिच्या माघारी पुटपुटायची. बाबा काही म्हणायचे नाहीत. ते वारले त्यानंतर आत्याला भाऊ उरला नाही, तेव्हापासून भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी ती साताऱ्याच्या गच्चीवरून चंद्राला ओवाळायची आणि तेव्हाही जेवायची नाही.

"मग हा ठिपका आला कुठून?" मी विचारलं.

वृषालीने माझ्याकडे न बघता स्लाइड उचलली आणि पेटीत ठेवली. "सर म्हणतात, घाण आहे."

सर म्हणजे डॉ. नाडगौडा, तिचे मार्गदर्शक. ते शेजारच्याच खोलीत होते. आम्ही गेलो तर त्यांनी मला चहा मागवला आणि वृषालीला बसायलाही सांगितलं नाही. तुकड्याचे काप घेणारा माणूस पुरुष आहे, त्याच्या बोटाची कातडी पडली असेल, असं त्यांचं म्हणणं. आठांपैकी सात नमुने स्वच्छ आहेत, आठवा काढून टाकायचा, लेख शुक्रवारी पाठवायचा.

"मी स्वतः पुन्हा काप घेतले, सर," वृषाली म्हणाली. "नवीन पातं, नवीन काच. तरी त्याच जागी आलं. पित्ताच्या नळीला लागून. आणि त्या पेशी यकृताच्याच आहेत. यकृताचं अल्ब्युमिन तयार करतायत."

"दुसऱ्या पेशंटचा तुकडा मिसळला असेल."

"आजूबाजूच्या सगळ्या पेशी बाईच्या आहेत, सर. मधल्याच चार पुरुषाच्या. तुकडा असा मिसळत नाही."

नाडगौडा माझ्याकडे वळून हसले. "सबनीस, आमची वृषाली फार प्रामाणिक आहे. अशी माणसं नोबेल मिळवत नाहीत, मिळालेल्यांचे दोष काढतात." मग तिला म्हणाले, "पाच वर्षं झाली तुला. एका स्लाइडसाठी सगळं बुडवायचंय का?"

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिने मला विचारलं, तुमचे वडील आत्यांपेक्षा मोठे होते की धाकटे?

मी म्हणालो, पाच वर्षांनी मोठे. का?

ती म्हणाली, आत्यांना हे प्रत्यक्ष विचारायचंय. आणखी एक-दोन गोष्टी विचारायच्यात. तुम्ही मला साताऱ्याला न्याल का?

आणखी कोणत्या, हे तिने सांगितलं नाही. मला वाटलं, रक्त चढवल्याचं वगैरे असेल. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो.

गाडीत तिने जे सांगितलं ते मला अर्धवट कळलं आणि पहिल्यांदा मला माझ्या बातमीची काळजी वाटली. मोठा मुलगा पोटात असताना त्याच्या काही पेशी आईत राहतात, आणि पुढे मुलगी पोटात आली तर त्यातल्या काही त्या मुलीत उतरत असाव्यात, असं काही जणांचं म्हणणं होतं. म्हणजे थोरल्या भावाच्या पेशी धाकट्या बहिणीच्या अंगात जन्मापासूनच असू शकतात.

"मग प्रश्न मिटला," मी म्हणालो. "आत्याच्या यकृतात बाबा आहेत."

"तुमचा मिटला. माझा सुरू झाला." ती खिडकीबाहेर बघत होती. "माझ्या मुलींना मॅरो देणारे बहुतेक त्यांचे थोरले भाऊच आहेत. मग ते हिरवे ठिपके मॅरोमधून आले की जन्मापासून होते, मी कसं सांगू?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या आत्यांचा ठिपका घाण असेल तर माझं सगळं खरं आहे. आणि तो खरा असेल तर माझ्याकडे काहीच नाही."

मी विचारलं, मग विचारायला जायचं तरी कशाला? नाडगौडा म्हणतात तसं काढून टाक.

"तिसऱ्यांदा काप घेतले तेव्हा मी देवाला सांगत होते, हिरवं दिसू देऊ नकोस," ती म्हणाली. "तेव्हा कळलं की आता मी बघत नाहीये, मागतेय. म्हणून."

आत्या मागच्या पडवीत वाल सोलत बसली होती. मोड आलेले कडवे वाल पाण्यात घालून एकेक सोलायचे, आमच्याकडे बिरडं असलं की हे काम तासभर चालतं. तिने वृषालीला बसायला पाट दिला, पुढ्यात मूठभर वाल ठेवले आणि मलाही एक ताट दिलं. रिकाम्या हाताने बसलेलं माणूस तिला चालायचं नाही. ऑपरेशननंतर ती बारीक झाली होती, पण पाठ ताठ होती. रविवारची बातमी कुठवर आली, शीर्षक काय, असं तिने मला विचारलं. मी म्हणालो, तिच्याचसाठी आलोय.

वृषालीने ठिपक्याचं सांगितलं. रंग कसे असतात, एक्स म्हणजे काय, वाय म्हणजे काय, सगळं. आत्या मध्येमध्ये विचारत होती आणि एकदा तिने वृषालीचं वाक्य दुरुस्तही केलं. शेवटी वृषाली म्हणाली, "बाई, तुम्हाला मोठा भाऊ होता ना?"

"होता. या जयूचा बाप."

"मग झालं. तेच कारण असावं. मी तसंच लिहीन." आणि थोरल्या भावाच्या पेशींचं तिने सांगितलं.

आत्याने हातातला वाल सोलून पातेल्यात टाकला. "म्हणजे माझ्या यकृतात दादा आहे."

"त्यांच्या थोड्या पेशी. असू शकतील."

"दुसरं काय असू शकेल?"

वृषालीने माझ्याकडे पाहिलं. "दुसरं तुम्हाला लागू नाही, बाई."

"ते कोणी ठरवलं?"

वृषाली पुढ्यातले वाल चिवडत राहिली. आत्या म्हणाली, "एवढी एसटीने विचारायला आलीस ना? मग विचार."

वृषालीने खाली बघत विचारलं, तुम्हाला कधी दिवस राहिले होते का?

"राहिले होते," आत्या म्हणाली. "मुलगी झाली."

मी वाल सोलत राहिलो. थोड्या वेळाने आत्याने माझ्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं, कारण मी सालं पातेल्यात आणि वाल सालांत टाकत होतो.

"दवाखान्यात मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "कुमारी लिहिलं आणि रेघ मारली. विचारलं असतं तर सांगितलं असतं. नसतंही सांगितलं कदाचित. पण रेघ त्यांनी मारली."

मग तिने सांगितलं. भूगोलाचा धडा सांगावा तशा आवाजात. १९६० साली ती बेळगावला शिक्षकीच्या अभ्यासक्रमाला होती. तो माणूस कोण, हे तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. घरात फक्त दादाला कळलं. त्याचं लग्न व्हायचं होतं, ते पुढे चार वर्षांनी झालं. त्याने रजा काढली, घरी काहीतरी सांगितलं आणि तिला मिरजेला एका बाईंकडे नेऊन ठेवलं. बाळंतपणात तिला भूल दिली होती. जाग आली तेव्हा खाटेशी दादा उभा होता. म्हणाला, मुलगी होती, गेली. तिने विचारलं, बघू दे. तो म्हणाला, सगळं उरकलं. तिने विचारलं, कशी होती. तो म्हणाला, बारीक. पुन्हा तो विषय दोघांत कधी निघाला नाही.

"आणि आता तू म्हणतेस, ठिपका मुलाचा आहे."

"पुरुषाचा आहे, एवढंच," वृषाली म्हणाली. "कोणाचा, ते ठिपका सांगत नाही."

"मुलीच्या पेशी राहिल्या असत्या तर त्या दिसल्या असत्या का तुला?"

वृषालीला उत्तर द्यायला वेळ लागला. मी तिला बरीच वर्षं ओळखतो. ती अशी अडलेली मी तेव्हाच पाहिली.

"नाही," ती म्हणाली. "मुलीच्या पेशीतही दोन तांबडेच असतात. तुमच्यासारखे. त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. आमच्या पद्धतीत फक्त मुलगे दिसतात."

"म्हणजे ती असेलही."

"असेलही. अगदी शेजारी असेल. मला कळणार नाही."

आत्याने हात पदराला पुसले. मग फळ्यासमोर उभी असल्यासारखी मांडणी केली. दादा खरं बोलला असेल, तर हिरवे ठिपके दादाचे, आणि मुलगी आहे की नाही ते दिसत नाही. दादा खोटं बोलला असेल, तर ठिपके मुलाचे. आणि झाला मुलगा तर सांगितली मुलगी, इतकं ज्याने खोटं सांगितलं, त्याने गेली हे तरी खरं कशावरून सांगितलं असेल?

हे शेवटचं तिने आम्हाला विचारलं नव्हतं.

"कळू शकेल," वृषाली म्हणाली. ती भानावर नव्हती असं मला वाटलं. डोकं एकदा कामाला लागलं की थांबत नाही, तशी ती बोलत गेली. "वाय बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो. तुमचे भाऊ गेले, पण सबनीस सर आहेत. त्यांची नुसती थुंकी पुरे. तुकडा थोडा उरलाय. त्या चार पेशी वेगळ्या काढून वाय जुळवून बघता येईल. अवघड आहे, हमी नाही देत. पण जुळला तर ते दादाच. नाही जुळला तर..." तेव्हा ती थांबली.

"नाही जुळला तर दादा खोटा," आत्या म्हणाली.

मी म्हणालो, आत्या, मी देतो. आत्ता देतो. तिकडे पुण्यात काय लागेल ते करू. मला त्या क्षणी नक्की काय हवं होतं, ते आजही सांगता येणार नाही. खाटेशी उभे असलेले बाबा मला दिसत होते, मिशी नसलेले, तिशीच्या आतले. पण त्यांच्या तोंडावर काय होतं ते दिसत नव्हतं. त्यांनी मला शाळेत असताना एकदा खोटं बोलल्याबद्दल जेवायला दिलं नव्हतं. हे त्यांच्या बाजूने धरायचं की विरुद्ध, तेही कळेना.

"तुझ्या थुंकीत तुझा बाप निघेल, जयू," आत्या म्हणाली. "तो त्रेचाळीस वर्षांचा माणूस कुठे आहे, आहे की नाही, ते निघणार नाही. निघेल फक्त दादा खरा की खोटा. तो खोटा निघाला तर आता भांडू कुणाशी? आणि खरा निघाला तर इतक्या भाऊबीजा मी त्याच्या घरी उपाशी राहिले, त्याचं काय करू?"

तिने वालाचं पातेलं उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"मला एक सांग, मुली. त्या चार पेशी काम करतात का?"

"करतात," वृषाली म्हणाली. "बाकीच्यांसारखंच. तुमच्या पित्ताशयाला सूज होती ना, शेजारच्या नळ्यांना मार बसला असणार. तिथेच त्या दिसतायत. एकीच्या चार झाल्या असाव्यात."

"दुरुस्तीला आल्या."

"तसं म्हणता येईल. नक्की नाही."

"तुझे सर त्या काढून टाका म्हणतात."

"हो."

"आणि ठेवल्या तर तुझी पाच वर्षं जातात." गाडीतलं बोलणं तिला कुणी सांगितलं नव्हतं. वृषालीच्या तोंडावरून तिने ते वाचलं होतं.

वृषालीने मान हलवली.

"मग तू ठरव. मी शाळेत कुणाला कॉपी करू दिली नाही, पण कुणाला खरं लिहायची सक्तीही केली नाही. ती करता येत नाही." ती उठली. "लिहिलंस तर काय लिहिशील?"

वृषालीने विचार केला. "पुरुषपेशींशी संबंध नाही असं समजलेल्या स्त्रीच्या यकृतात पुरुषपेशींचा पुंजका सापडला. उगम अनिश्चित."

"'समजलेल्या' ठेव," आत्या म्हणाली. "आणि 'उगम अनिश्चित' हेही बरोबर आहे. माझं नाव नको. दादाचंही नको."

त्या दिवशी आम्ही जेवलो. बिरडं चांगलं झालं होतं. आत्याने वृषालीला दोनदा वाढलं आणि लग्नाचं विचारलं नाही.

परतीच्या गाडीत वृषाली म्हणाली, आता तिच्या मुलींनाही विचारायला हवं. त्यांच्याही अर्जांवर त्याच रेघा होत्या. तिनेही कधी विचारलं नव्हतं. ती लाजली म्हणून नाही, तिला सुचलंच नव्हतं. मी तिला विचारलं, नाडगौडांना काय सांगशील? ती म्हणाली, शुक्रवारी लेख जाणार नाही, एवढं सांगेन. मग ते सांगतील ते ऐकेन. ऐकावं लागलं ते बरंच होतं. तिचा प्रबंध दोन वर्षांनी झाला, वेगळ्या विषयावर. त्या आठव्या नमुन्याची एक टीप दुसऱ्या कुणाच्या तरी लेखाखाली आली. ती ज्यांनी वाचायची त्यांनी वाचली असेल. पुढे मॅरोमधून यकृत होतं हा दावा जगभरच विरत गेला, त्याची कारणं वेगळी होती. मूळ पेशी नळ्यांच्या कडेला असतात की नसतात, यावर अजून वाद आहेत.

मी ऑफिसात जाऊन सांगितलं की रविवारची बातमी नाही. वृत्तसंपादक म्हणाले, खोटी निघाली का? मी म्हणालो, नाही. खरी आहे का? मी म्हणालो, तेही नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्या पानावर धरणातल्या पाणीसाठ्याची बातमी घेतली.

दिवाळीला मी साताऱ्याला गेलो. भाऊबीजेच्या संध्याकाळी आत्याने नेहमीसारखं ताट लावलं: निरांजन, सुपारी, अक्षता. आम्ही गच्चीवर गेलो. पश्चिमेला बारीक कोर आली होती, थोड्या वेळात डोंगराआड जाणार होती. आजूबाजूच्या घरांतून भावंडांच्या हसण्याचे आवाज येत होते. आत्या ताट घेऊन कठड्याशी उभी राहिली. वाऱ्याने ज्योत हलत होती म्हणून तिने एका हाताने आडोसा केला. ती ओवाळेल म्हणून मी थांबलो. ती ओवाळत नव्हती.

"आत्या," मी म्हणालो, "चंद्र जाईल."

"दादा आत असेल तर बाहेर कुणाला ओवाळू?" ती म्हणाली. "आणि तो नसेल..."

कोर डोंगराला टेकली. ती बघत राहिली. मग तिने ताट माझ्या हातात दिलं आणि पदर सावरून जिन्याकडे निघाली.

"खाली चल," ती म्हणाली. "मी जेवणार आहे आज."